दिवसाला दोन जीबी आणि शंभर जीबीचा गेम

आमच्या घरी नेट आहे. हे आधीच सांगते, कारण "गावात कुठलं आलंय नेट" असं कुणी म्हटलं की आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, फार लागतं. आजरा तालुक्यातलं आमचं गाव डोंगराच्या पोटाशी आणि टॉवर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. सिमकार्डवर चालणारं राउटर माडीवरच्या पूर्वेच्या खिडकीत ठेवलं की रेंज मिळते, खाली सोप्यात आणलं की जाते. रिचार्ज दिवसाला २ जीबीचा. ते संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यात व्हॉट्सअॅपचा मेसेज जातो, फोटो गोल गोल फिरत राहतो.

या नेटवर मी प्लेस्टेशन ५ (पीएस५), म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचा कन्सोल, चालवते आणि नीट चालवते. बँकेतून घरी येऊन, स्वयंपाक उरकून, रात्री तासभर खेळते. गडहिंग्लजच्या शाखेत हे कळल्यावर पहिला प्रश्न "तुम्ही? गेम?" असा असतो आणि दुसरा "पण तिकडं नेट कसं पुरतं?" पहिल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. दुसऱ्याचं सविस्तर उत्तर एकदाच लिहून ठेवावं म्हणून हे.

कन्सोल भावाचा. त्याने पुण्यात स्वतःसाठी गेमिंगचा पीसी बांधला आणि आधीचा पीएस५ मला भाऊबीजेला ओवाळणीत घातला. सुरुवातीचं मॉडेल, डिस्क घालायची फट असलेलं, साडेचार किलोचं धूड. आत गेम साठवायला ८२५ जीबीची एसएसडी, त्यातली वापरायला मिळते सुमारे ६६७ जीबी. सोबत भावाचा सल्ला फुकट मिळाला: "तायडे, रात्री डाउनलोड लावून झोपायचं, सकाळी झालेलं असतं."

आमच्याकडे रात्री लावून झोपलं, तर सकाळी आण्णांना दूध संघाचा मेसेजसुद्धा मिळणार नाही.

पुण्यातल्या माणसाला हे समजावणं अवघड जातं, कारण तो 'खराब नेट' म्हणजे एकच प्रकार समजतो. प्रकार दोन आहेत. हळू नेट वेगळं, मोजकं नेट वेगळं. एकाकडे नळाची धार बारीक पण चोवीस तास, दुसऱ्याकडे टँकर. दोघांनाही पाणी कमी, पण घरात भांडी ठेवायची तऱ्हा अगदी उलटी.

माझ्या शाखेतल्या एका मैत्रिणीकडे नेसरीच्या बाजूला जुनं, तारेवरचं ब्रॉडबँड आहे. वेग २ एमबीपीएस, मर्यादा नाही. इथे एक हिशेब डोक्यात पक्का ठेवावा: नेटचा वेग मोजतात मेगाबिटमध्ये आणि गेमचं वजन सांगतात गिगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे २ एमबीपीएस नेट सेकंदाला पाव एमबी आणतं, तासाला ०.९ जीबी आणि अखंड चाललं तर दिवसाला २१ जीबीच्या आसपास. शंभर जीबीचा गेम तिला पाच दिवसांत मिळतो. भावाचा सल्ला तिला लागू पडतो. कन्सोल पूर्ण बंद न करता रेस्ट मोडमध्ये, म्हणजे अर्धवट झोपेत, ठेवायचा, पॉवर सेव्हिंगच्या सेटिंगमध्ये 'इंटरनेटशी जोडलेले राहा' हा पर्याय चालू ठेवायचा आणि विसरून जायचं. मध्येच लाइट गेली तरी झालेलं डाउनलोड वाया जात नाही, पुढून सुरू होतं.

माझा वेग तिच्यापेक्षा कितीतरी चांगला. पहाटे तर ८-१० एमबीपीएस सहज मिळतो. पण २ जीबी म्हणजे २ जीबी. तोच शंभर जीबीचा गेम मला पन्नास दिवसांचा, तोही घरात दुसऱ्या कुणी राउटरला हात लावला नाही तर. आणि कोटा संपल्यावरच्या ६४ केबीपीएसवर आणायचं म्हटलं, तर मी हिशेब केला आहे, १४४ दिवस. एकटा १ जीबी यायलाच पस्तीस तास.

त्यामुळे माझ्याकडे कन्सोल आल्यावर पहिलं काम काहीही सुरू करण्याचं नव्हतं, बंद करण्याचं होतं. हे यंत्र बनवणाऱ्यांनी असं गृहीत धरलंय की नेट सगळ्यांकडे आहे आणि फुकट आहे. म्हणून ते मालकाला न विचारता कामाला लागतं. सेव्हड डेटा आणि गेम सेटिंग्जमध्ये 'ऑटोमॅटिक अपडेट्स' असतं, तिथे ऑटो-डाउनलोड बंद. सिस्टिम सॉफ्टवेअरचं अपडेट आपोआप उतरवून घेणारी कळ वेगळी, तीही बंद. रेस्ट मोडमधली इंटरनेटची कळ मैत्रिणीने चालू ठेवायची, मी बंद. आणि नेटवर्क सेटिंगमध्ये 'इंटरनेटशी कनेक्ट व्हा' अशी सगळ्यात वरची कळ आहे. माझ्याकडे ती एरवी बंदच असते. मला हवं तेव्हा मी उघडते. वायफाय २.४ गिगाहर्ट्झचं निवडलंय. ५ गिगाहर्ट्झ वेगवान खरं, पण आमच्या जाड भिंतींतून ते माडीवरून खाली पोचत नाही. आणि मूळ नेटच इतकं, की त्या वेगाचा उपयोगही नाही.

सिस्टिमचं अपडेट मात्र कधीतरी करावं लागतं, नवे गेम त्याशिवाय अडून बसतात. त्याला एक चांगली पळवाट आहे आणि ती अधिकृत आहे. कुणाच्याही लॅपटॉपवर प्लेस्टेशनच्या साइटवरून फाइल उतरवायची. पेन ड्राइव्हवर पीएस५ नावाचा फोल्डर, त्यात अपडेट नावाचा फोल्डर, त्यात ती फाइल, सगळी नावं इंग्रजी कॅपिटलमध्ये. कन्सोल सेफ मोडमध्ये (दुरुस्तीपुरतं चालू होण्याची सोय) चालू करून यूएसबीवरून अपडेट निवडायचं. झालं. दुःख एवढंच की गेमच्या अपडेटला ही सोय नाही. एखाद्या गेमचं २० जीबीचं अपडेट पेन ड्राइव्हवर घालून आणता येत नाही. ते कन्सोलनेच, त्याच्याच नेटवर ओढायचं. एवढी एक सोय दिली असती तर अर्ध्या ग्रामीण भारताचा प्रश्न सुटला असता, पण त्या खोलीत बसून निर्णय घेणाऱ्या कुणालाच बहुतेक आठवड्यातून एकदा मोठ्या गावाला जायची सवय नसावी.

मग खेळायचं काय? डिस्क. आमच्याकडे सगळे तिला अजून सीडीच म्हणतात. पीएस५ ची डिस्क म्हणजे अल्ट्रा एचडी ब्लू-रे, तिच्यात १०० जीबीपर्यंत मावतं. पीएस४, म्हणजे आधीच्या पिढीच्या कन्सोलच्या डिस्कमध्ये ५० जीबीपर्यंत, आणि पीएस४ च्या बहुतेक सगळ्या डिस्क पीएस५ मध्ये चालतात. नेट बंद ठेवून डिस्क घातली की यंत्र गेम डिस्कवरून एसएसडीवर उतरवून घेतं, अपडेटचा आग्रह धरत नाही आणि आपण खेळायला बसतो. कोल्हापुरात जुन्या डिस्क विकणारी दुकानं आहेत. खेळून झाला की तीच डिस्क थोड्या कमी पैशात परत देता येते. डाउनलोड केलेला गेम कुणाला विकणार?

मी सगळ्यात आधी घेतला रेड डेड रिडेम्प्शन २, पीएस४ चा, जुना. डबा उघडला तर आत दोन डिस्क: एक नुसत्या डेटाची, दुसरी खेळायची. शंभर जीबीच्या आसपासचा गेम दोन डिस्कमध्ये भरून दिलाय. पहिली घालून तासाभराहून जास्त वेळ नुसती पट्टी सरकत होती आणि आई (माझ्या सासूबाई) येऊन विचारून गेल्या, "नेट खायलंय काय गं ते?" नाही म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर कालच्या मालिकेचा भाग लावून खात्री केली.

पण डिस्क आहे म्हणजे गेम आहे, असं आता राहिलेलं नाही, आणि या एका गोष्टीवर माझा खरा राग आहे. २०२२ मध्ये आलेल्या कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २ च्या पीएस५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी डेटा होता. सत्तर एमबी! बाकी सगळा गेम डाउनलोड. म्हणजे दुकानातून आणलेला डबा ही नुसती किल्ली, घर बांधायचं आपण. दुसरी तऱ्हा ग्रॅन टुरिस्मो ७ या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमची. गेम डिस्कवर आहे, पण बहुतेक भाग खेळायला सतत नेट लागतं. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर त्याचे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिले आणि जगभरात डिस्क विकत घेतलेले लोक आपल्याच गाड्या बघत बसले. त्यांच्याकडे फायबर असूनही. तेव्हा त्यांना आमची आठवण आली असेल का, माहीत नाही. तिसरी तऱ्हा म्हणजे डिस्कच नाही. अॅलन वेक २ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो फक्त डाउनलोडचा. डिस्क यायला वर्ष गेलं.

म्हणून डिस्क घेण्याआधी मी दोन गोष्टी बघते. डब्यावर बारीक अक्षरात 'इंटरनेट डाउनलोड आवश्यक' असं लिहिलंय का, आणि 'डझ इट प्ले' नावाची एक मंडळी आहेत, ती डिस्क नेटशिवाय शेवटपर्यंत चालते का हे तपासून सांगतात, त्यांनी काय म्हटलंय. एल्डन रिंग, घोस्ट ऑफ त्सुशिमा, अॅस्ट्रो बॉट, ही माझ्या भरवशाची नावं. आणि ज्यांनी आत्ताच कन्सोल घेतलाय, हातात एकही डिस्क नाही, त्यांच्यासाठी अॅस्ट्रोज प्लेरूम प्रत्येक पीएस५ मध्ये कंपनीतूनच भरून येतो. छोटा आहे, पण कंट्रोलर हातात कसा थरथरतो हे दाखवायला त्याच्याइतका चांगला गेम नाही. आण्णांनीसुद्धा तो खेळलाय. त्यातला रोबो पावसात चालतो तेव्हा हाताला थेंब जाणवतात, ते त्यांनी परत परत करून बघितलं.

पुतण्याला मात्र क्रिकेट हवं होतं. त्याच्यासाठी क्रिकेट १९ ची जुनी डिस्क आणली. टाकली, चालली, भारताचा संघ निवडला आणि पोरगं रडकुंडीला. त्या गेमकडे भारतीय संघाचा परवाना नव्हता, त्यामुळे संघात कोण कुठले, कधी न ऐकलेल्या नावांचे खेळाडू. ऑनलाइन लोकांनी खरे चेहरे आणि खरी नावं घालून तयार केलेले संघ त्यात उतरवून घेता येतात, आणि ते काम फार जड नसतं. पण त्या दिवशीचे २ जीबी दुपारीच संपले होते. तेव्हा त्याने कंट्रोलरने एकेक अक्षर शोधत नावं स्वतः घालायला घेतली. विराट, रोहित, बुमरा झाले. सहाव्या नंबरला आल्यावर त्याने स्वतःचं नाव घातलं, सातव्याला त्याच्या मित्राचं. मग थांबलाच नाही. आता आमच्याकडे भारताकडून गल्लीतली निम्मी पोरं खेळतात आणि विकेटकीपर आमचे भाऊजी आहेत, मिशीसकट. खरा संघ नंतर मी उतरवून दिला, पण त्याला कुणी हात लावत नाही.

आता ज्यांना डिस्कच नाही असे गेम. तेही मी खेळते, आणि त्याचा सगळा खेळ रात्री साडेदहा ते बारा या वेळातला. दिवसाचा कोटा रात्री बाराला बुडतो. घरात राउटर सोडून चार मोबाइल आहेत, प्रत्येकावर रोजचा दीड-दोन जीबी. आण्णांचं कीर्तन ऐकून होतं, तेही बहुतेक आवाजच. आईंची मालिका टीव्हीवर होते, मोबाइल कधीतरी. नवरा काजूच्या कारखान्यातून दमून येतो, त्याचा डेटा तसाच शिल्लक. भाऊजींचा संध्याकाळी सातलाच संपतो, त्यांचं नाव काढायला नको. उरलेलं सगळं बुडण्याआधी मी काढून घेते. भांडी झाली की एकेकाचा मोबाइल मागून आणते, टीव्हीशेजारच्या कोनाड्यात ठेवते आणि हॉटस्पॉट चालू करते.

इथे एक युक्ती सांगते, जी मला कुणी सांगितली नव्हती. सगळ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला एकच नाव आणि एकच पासवर्ड द्या. कन्सोलला वाटतं ते एकच वायफाय आहे. एकाचा डेटा संपला, त्याचा हॉटस्पॉट बंद करून दुसऱ्याचा चालू केला की काही न विचारता डाउनलोड पुढे चालू. एकावेळी एकच मोबाइल चालू ठेवायचा, एवढंच पथ्य. अशाने रोज तीन-चार जीबी सुटतात आणि ३० जीबीचा गेम आठवड्या-दीड आठवड्यात घरात येतो. नवऱ्याचं म्हणणं, की एवढं काटेकोर मी बँकेतसुद्धा करत नसेन. बँकेत ग्राहक समोर असतो, इथे बारा वाजत असतात.

राजी: अॅन एन्शंट एपिक मी असाच उतरवला. तो पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलाय, २०२० मध्ये आला. बारीक आहे आणि दिसायला सुरेख. राजी नावाची मुलगी हरवलेल्या भावाला शोधत असुरांशी लढते. भावाला फोन करून म्हटलं, बघ, तुमच्या पुण्यात बनलेला गेम मी आजऱ्यात चार मोबाइलांवर ओढला. त्याला वाटलं मी गंमत करतेय.

शंभर जीबीवाल्यांना मात्र हे कोनाड्याचं तंत्र पुरत नाही. त्यासाठी वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी कन्सोलच गडहिंग्लजला जातो. शाखेतल्या एकाकडे फायबर आहे, १०० एमबीपीएस, महिन्याची मर्यादा ३,३०० जीबी, ज्यातलं तो किती वापरतो देव जाणे. काजूच्या खोक्यात जुनी सोलापुरी चादर घालून साडेचार किलोचं ते धूड गाडीच्या मागच्या सीटवर. सकाळी त्यांच्याकडे लावायचं, संध्याकाळी बँक सुटल्यावर उचलायचं. १०० एमबीपीएसवर शंभर जीबीला सव्वादोन तास लागतात, म्हणजे एका दिवसात दोन मोठे गेम आणि राहिलेली सगळी अपडेटं आरामात होतात. त्यांच्या बायकोला दर वेळी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाची पिशवी जाते. माझ्या मते भाव रास्त आहे.

एवढ्या कष्टाने आणलेला गेम मग पुसायचा नाही. हे शहरातल्यांना सुचतच नाही, कारण त्यांना परत उतरवून घेता येतो. ६६७ जीबी भरायला वेळ लागत नाही. म्हणून एक यूएसबी हार्ड डिस्क जोडून ठेवलीय. पीएस५ चे गेम तिच्यावरून खेळता येत नाहीत, नुसते ठेवता येतात. खेळायच्या वेळी परत आत कॉपी करायचे. पीएस४ चे थेट तिच्यावरूनच चालतात. कॉपीला थोडा वेळ लागतो, पण डेटा शून्य. आणखी एक: डाउनलोड करून घेतलेले गेम नेट नसताना चालावेत म्हणून आपल्या खात्यासाठी 'कन्सोल शेअरिंग आणि ऑफलाइन प्ले' चालू आहे ना, हे नेट असतानाच बघून ठेवा.

ऑनलाइन खेळाबद्दल थोडक्यात. लोकांना वाटतं तेवढा डेटा त्यात जात नाही. बहुतेक खेळांत तासाचा हिशेब एमबीतच राहतो. त्रास वेगळा आहे. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे कन्सोल 'नॅट टाइप ३' (म्हणजे इतरांशी थेट जोडायला सगळ्यात अवघड कनेक्शन) दाखवतो आणि कधी मित्राच्या गटात शिरता येत नाही, कधी आवाज जात नाही. त्यात आमच्याकडे ढग उतरले की रेंज हलते. भावाबरोबर फुटबॉलचा सामना लावला की माझा गोलकीपर बॉल जाळ्यात गेल्यावर उडी मारतो. मी ते सोडून दिलं. घरी दोन कंट्रोलर आहेत, पुतण्या आहे, भारताचा संघ आहे.

पावसाळ्यात एक गोष्ट आणखी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे लाइटचा भरवसा नसतो. गेम चालू असताना पीएस५ दोनशे वॅटच्या आसपास खातो, म्हणजे घरचा साधा इन्व्हर्टर ओढतो खरा, पण पंखे आणि दिवे धरून किती वेळ, ते बॅटरीवर. डाउनलोड अर्धवट तुटलं तर चालतं. सिस्टिमचं अपडेट बसत असताना लाइट गेली तर चालत नाही. आमच्याकडे ते काम दिवाळीनंतर.

शेवटी ज्या प्रश्नासाठी सगळ्यात जास्त फोन येतात तो. डिस्क नसलेलं स्वस्त मॉडेल घ्यावं का? पीएस५ चं नंतरचं, आटोपशीर मॉडेल म्हणजे स्लिम. तो भारतात एप्रिल २०२४ मध्ये आला तेव्हा डिस्कवाला ५४,९९० रुपयांना होता आणि बिनडिस्कचा ४४,९९० ला. मोजकं नेट असलेल्या घरात किमतीतला फरक वाचवू नका. फक्त एक लक्षात ठेवा, स्लिमचा डिस्क ड्राइव्ह सुटा होणारा असतो आणि पहिल्यांदा सुरू करताना तो कन्सोलशी जुळवायला एकदा नेट लागतंच. हे काम सकाळी करा, भाऊजी उठायच्या आत.